मौनीच्या वाटेवरची खोली

कल्लुमने, ता. सकलेशपूर
बसवजयंतीच्या आधीचा आठवडा

प्रिय शरणम्मा,

पायाच्या दगडापासून माथ्यावरच्या कौलापर्यंत ती खोली माझ्या हातची आहे. दगड ओढ्यातले, घडले मी. मातीच्या विटा मी पाडल्या. दाराची चौकट, खिडकीचे गज, फणसाच्या लाकडाचा पलंग, वेताची खुर्ची (पाठीला टोचते म्हणालीस म्हणून दुसऱ्या वर्षी सगळी उसवून पुन्हा विणलेली), झऱ्याचं पाणी न्हाणीपर्यंत आणणारी बांबूची पन्हळ, ओढ्यावरचा पोफळीच्या खोडांचा साकव, आणि या वर्षी नवीन केलेली, घराला तिन्ही बाजूंनी वेढा घालणारी डब्यांची तार. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचं सगळं गवंडी-सुतारांच्या मागे उभं राहून, मोडक्या वस्तू उलगडून आणि आपल्याच चुका निस्तरून शिकलो. ही यादी फुशारकी म्हणून दिलेली नाही, थोडी असेल तर असो. त्या खोलीला मी कुलूप लावलं आहे, आणि ज्यानं ती बांधली त्यानंच लावलं आहे, एवढं तुझ्या ध्यानात यावं म्हणून दिली. कुलूप तेवढं विकतचं आहे.

तू मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातले तुझे चार दिवस ठरवून बसली आहेस. अण्णाची खोली नाही तर शेजारच्या टेकडीवरची, असं तू म्हणालीस. तुझ्या मुलानं तिथले फोटो पाठवलेत, पलंगावर पडल्या पडल्या हत्ती दिसतो असं त्यावर लिहिलंय, आणि सोमवारी तू पैसे भरणार आहेस. तेव्हा माझं म्हणणं आधी सांगून टाकतो, कारणं मागाहून. टेकडीवर येऊ नकोस. या वर्षी आमच्या घाटातच येऊ नकोस. येरकाडला जा. सेलम शहराच्या वर, डोंगरावर आहे. मी स्वतः जाऊन, राहून, बघून आलो आहे.

परवा फोनवर हेच सांगायला गेलो तर तू हसलीस. म्हणालीस, ‘शेजारी दुसरं दुकान लागलं म्हणून मला तमिळ मुलखात धाडताय होय अण्णा? तुमच्या खुर्चीला कुणी नाव ठेवलं तरी तुम्हाला दोन दिवस ताप असतो, मला ठाऊक आहे.’ तुझी वहिनी गिरिजा शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर न करता ‘बरोबर ओळखलंय बाईनं’ म्हटलं. मग तुमच्याकडून तुझ्या यजमानांनी, वीरभद्रप्पांनी, मधेच पाऊस झाला का ते विचारलं, तुझ्या सासूबाईंना माझा आवाज ओळखीचा वाटला म्हणून त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करणं आलं, कुणाचं तरी बाळ रडायला लागलं, आणि तू ‘ठेवते’ म्हणालीस. तुझ्या घरातल्या फोनवर माणसाला धड काही सांगता येत नाही. म्हणून हे लिहितो आहे. डाकेनं पोचायला उशीर होईल, तेव्हा हासनहून कलबुर्गीला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो. आपल्या वाडीचा जावई आहे, हरवणार नाही.

तू पहिल्यांदा आलीस ते आठवतं का? तुमच्या वसतिगृहाच्या मुलींची सहल शृंगेरीला निघाली होती आणि बस आमच्या ओढ्यात रुतली होती. बस मी काढली. तोवर पोरींनी गिरिजाचं सगळं ताक संपवलं, परसातले पेरू संपवले, आणि गाणी म्हणत अंगणात फेर धरला. तू त्यांची वॉर्डन, पण तू तिथे नव्हतीस. मागच्या अर्ध्या बांधलेल्या खोलीत दगडांच्या ढिगावर बसली होतीस. मी टेप घेऊन आत आलो तर म्हणालीस, ‘इथे काहीच ऐकू येत नाही.’ मला वाटलं तक्रार आहे. मी म्हटलं ओढा ऐकू येतो की. तू म्हणालीस, ‘तेच म्हणतेय.’ पुढच्या मे महिन्यात तू एकटी आलीस तेव्हा खोलीला दार बसलं नव्हतं. दाराच्या जागी कांबळं लावून तू चार दिवस राहिलीस. वाडीत काय काय बोलणी झाली ती तुला कधी सांगितली नाहीत. चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं नवऱ्यानं टाकली असेल, कुणी म्हणालं पैसे खाऊन पळालेली दिसते. शेवटी गिरिजानं नळावर सगळ्यांना ऐकवलं, की ती बाई वर्षभर दोनशे पोरींच्या हाका ऐकते, तिला चार दिवस कुणी हाक मारू नये एवढंच हवंय. तुम्हाला चार दिवस कुणी हाक मारली नाही तर तुम्ही भिंतीशी बोलायला लागाल. त्यानंतर कुणी काही म्हटलं नाही. तू परत गेलीस त्या दुपारी गिरिजा स्वतः त्या खोलीत जाऊन दार (म्हणजे कांबळं) ओढून पडली होती. संध्याकाळी बाहेर आली आणि चहा उशिरा झाला म्हणून माझ्यावरच चिडली.

तर जागा शोधताना मी तुझी मापं घेतली, दाराची घेतात तशी. हवा अशी हवी की पहाटे अंगावर चादर लागावी, पण स्वेटर लागू नये, कारण स्वेटर तू बरोबर घेतच नाहीस. बस दारापासून फार लांब सोडणारी नको. घरमालकीण बाई हवी, आणि फार बोलणारी नको. पहाटे उठून एकटीनं चालत जाता येईल अशी वाट हवी. तुझं निम्मं सुख त्या वाटेत असतं. ऊटी मी लगेच काढून टाकली. मे महिन्यात तिथे माणसं थंड हवा खायला जातात आणि एकमेकांच्या गाड्यांचा धूर खाऊन येतात. केम्मणगुंडीची हवा उत्तम, पण शेवटच्या चढाला जीप, आणि जीपवाला म्हणेल तेव्हा उठायचं, तो म्हणेल तेव्हा परतायचं. मग एकटीनं जाऊन मिळवलं काय? आगुंबे मला आवडतं, पण तिथल्या पहाटवाटेवर नाग आडवे येतात, तिथे मी तुला एकटीला पाठवणार नाही. मडिकेरीची हवा आपल्यासारखीच, भाषेचीही अडचण नाही, पण तिकडेही कॉफीच्या बांधावर फणस आहेत. म्हणून नको.

राहिलं येरकाड. गिरिजाला मिरीचा भाव काढायला सेलमला जातो असं सांगून निघालो. तिनं डब्यात तांदळाची अक्की रोट्टी बांधून दिली आणि म्हणाली, ‘भाव काढायला थर्मामीटर कशाला लागतो?’ सेलमहून बस वळणावळणानं वर चढते. वळणांना आकडे घातले आहेत, हे मला आवडलं. दुपारी सावलीत सत्तावीस भरलं, पहाटे अठरा. तुमच्याकडे त्या दिवशी बेचाळीस होतं. चारी बाजूंना कॉफी आहे, तेव्हा वासाला तुला परकं वाटणार नाही. महिन्याच्या अखेरीला तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं आणि गर्दी होते, पण तोवर तू परत गेलेली असशील. आरोक्यमेरी नावाच्या निवृत्त शिक्षिका आहेत, संत्र्याच्या बागेमागे त्यांच्या दोन खोल्या आहेत. होसूरला नोकरी झाल्यामुळे कन्नड समजतं, बोलायचा आळस आहे, म्हणजे तुझ्या दृष्टीनं उत्तमच. मी म्हटलं आमची एक बहीण आहे, ती एकटीच येईल. त्या म्हणाल्या, ‘एकटी का, असं मी विचारणार नाही. मीही एकटीच आहे, मलाही विचारलेलं आवडत नाही.’ खोलीची कडी सैल होती, ती मी बसवून दिली. पिशवीत पेचकस असतोच. दाराची एक बिजागरी कुरकुरत होती, तिला तेल दिलं. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, ‘तुम्ही खोली बघायला आलात की खोलीत चुका काढायला?’ खिडकी दोन बोटं खाली बसवली आहे, आणि खुर्ची प्लास्टिकची आहे. सहन कर. त्यांचा नंबर आणि बसची वेळ मागच्या पानावर लिहिली आहे. अंधार पडल्यावर बागेबाहेर जाऊ नकोस, कधीमधी गवे येतात म्हणे. एवढंच.

पण मी परतताना तिथली जी गोष्ट मनात घेऊन आलो ती वेगळीच. त्या गावात रस्त्याच्या कडेला, शाळेच्या कुंपणाशी, देवळाच्या मागे फणस लगडलेले आहेत, बुंध्यापासून वरपर्यंत. बायका त्याच झाडाखाली टोपल्या ठेवून बसची वाट बघत बसतात. पोरं त्याला पाठ टेकून झोपलेली. मी पहिल्या झाडाशी थांबलो तो थांबलोच. आरोक्यमेरीबाईंनी विचारलं, तुमच्याकडे फणस नसतात का? मी म्हटलं, असतात. त्या डोंगरावर हत्ती नाही. पूर्वीपासून नाही. तीन जणांना वेगवेगळं विचारून खात्री केली.

आता कारणं. हत्ती आमच्याकडे नवीन नाहीत, तुलाही नाहीत. तिसऱ्या वर्षी तू होतीस तेव्हा कळप वरच्या बांधावरून गेला होता, आणि सकाळी तू म्हणालीस की कुणाच्या तरी लग्नाची वरात गेली असं वाटलं. कळप असाच जातो. फांद्या मोडतो, पोटातून गुरगुरतो, पिल्लांवर ओरडतो. कुत्री भुंकतात, आपण दारं लावून घेतो, तो जातो. यंदा संक्रांतीनंतर जो आला तो एकटा आहे. सुळेवाला, उजवा सुळा आखूड. तो आवाज करत नाही. फांदी मोडत नाही, वाळल्या पानांवरसुद्धा त्याचं पाऊल ऐकू येत नाही, कुत्री त्याच्यावर भुंकत नाहीत, घरात घुसून चुलीमागे बसतात. टपरीवर कुणीतरी त्याला मौनी म्हणालं आणि तेच नाव पडलं. तो आल्याची खूण एकच, रातकिडे थांबतात. संध्याकाळी चूल पेटलेली असते, बाहेर किड्यांचा आवाज लागलेला असतो, आणि एकदम तो तुटतो. गिरिजा हातातली पळी खाली ठेवते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसतो. पुन्हा एखादा किडा बोलेपर्यंत कुणी हलत नाही. तू ज्या शांततेसाठी इथे येतेस, शरणम्मा, ती आता त्याची आहे.

म्हणून मी डब्यांची तार केली. रिकामे डबे, प्रत्येकात मोजके खडे, गुडघाभर उंचीला ताणलेली तार. वाऱ्यानं वाजू नये आणि वासरू धडकलं तरी वाजावी, असं खड्यांचं वजन जुळवायला मला आठवडा लागला. वासरू सोडून तपासली. कुत्रं सोडून तपासली. मला समाधान होतं. फाल्गुनात एका सकाळी उठलो तर उत्तरेच्या बाजूची तार खाली होती. तुटलेली नव्हती. दोन खुंट्या उपटून बाजूला ठेवलेल्या, आणि तार जमिनीवर सरळ निजवलेली, एका डब्यातला खडाही सांडला नव्हता. आतल्या बाजूला पावलं होती, तुझ्या खोलीच्या खिडकीपर्यंत. पावलाचा घेर टेपनं घेतला. घेराच्या दुप्पट खांद्याची उंची, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. साडेनऊ फूट भरली. खिडकीच्या गजांना ओला चिखल लागला होता, उशी असते त्या बाजूनं सुरुवात करून एकेका गजाला, सगळ्या गजांना. एकही गज वाकवलेला नव्हता. नुसतं चाचपलं होतं, मी दुसऱ्याची सुतारकी चाचपतो तसं. गिरिजा म्हणाली, त्याला तुमचं काम पसंत पडलं असेल. म्हणाली खरं, पण हसली नाही. त्या दिवशी मी तुला खोली बंद ठेवतो म्हणून कळवलं. छपराचं काम निघालं आहे असं कारण दिलं. माझ्या छपराचं काम कधी निघत नाही, हे तुला कळायला हवं होतं.

आमच्या वाडीत फणसाची एक रीत आहे. तुला ती माहीत नाही, कारण तू येतेस तोवर ते काम उरकलेलं असतं. चैत्रात उगादीचा सण झाला की घराजवळच्या झाडांचे फणस कोवळे असतानाच उतरवायचे, म्हणजे पिकल्यावर वासानं हत्ती दाराशी येत नाही. पण आपल्या झाडाचे फणस आपण कापायचे नाहीत. स्वतःच्या झाडावर चढला की माणूस दोन-चार ठेवतो, कडुबू वाफवायला हवेत, लेक माहेरी यायची आहे, असं म्हणत. आणि हत्तीला दोन-चार पुरतात. म्हणून प्रत्येक झाडाला दुसऱ्या घरचा कापणारा ठरलेला, बापाकडून मुलाकडे आलेला. तो कोयता घेऊन येतो तेव्हा मालकानं आत जाऊन बसायचं, बघायचं नाही. घरातल्या बायकांनी आतून शिव्या द्यायच्या, तोही रीतीचाच भाग. चिक्कण्णाच्या झाडाला मी, माझ्या झाडाला चिक्कण्णा. चिक्कण्णा म्हणजे तुझं सकाळचं दूध ओट्यावर ठेवून, एक शब्द न बोलता निघून जाणारा. बाईशी बोलू नकोस असं मी त्याला पहिल्या वर्षी सांगितलं होतं, ते त्यानं इतकं मनावर घेतलं की दूध ठेवताना खोकला आला तर तो साकवापलीकडे जाऊन खोकायचा. दर उगादीला गिरिजा त्याला आतून म्हणायची, ‘हाताला फोड येवोत तुझ्या, वरचा मोठा तेवढा तरी सोड.’ तो वरून म्हणायचा, ‘वहिनी, तोच आधी.’

टेकडीवरची जमीन गेल्या वर्षी बेंगळुरूच्या एकानं भाडेपट्ट्यानं घेतली आणि पाहुण्यांसाठी तंबू ठोकले, मचाण बांधलं. सुदर्शन नाव. माणूस बोलायला मऊ, घरात येताना बूट बाहेर काढतो, मोठ्यांना वाकून नमस्कार करतो. टेकडीवर फणसाचं सगळ्यात मोठं झाड आहे, आणि त्याचे फणस उतरवायचं काम चिक्कण्णाच्या घराकडे आहे. या उगादीला तो शिडी घेऊन गेला तर सुदर्शननं अडवलं. म्हणाला, राहू द्या अण्णा, लोंबणारे फणस पाहुण्यांना आवडतात. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण रोज संध्याकाळी त्याची गाडी घाटाखालून पिकलेले फणस भरून आणते (खाली ते आपल्या आधी पिकतात), ते मचाणाखाली धपाधप टाकून, फोडून पसरतात, आणि दिवे लागायच्या सुमाराला मौनी येतो. तुझ्या मुलानं पाठवलेले फोटो ते. आम्ही सगळे मिळून बोलायला गेलो. त्यानं चहा दिला, बिस्किटं दिली. ‘माझ्याच जागेत ठेवतो ना? खातो आणि जातो. गाईसारखा आहे हो,’ म्हणाला. उतरून टपरीशी आल्यावर चिक्कण्णा एवढंच म्हणाला, ‘मालक बदलला म्हणून कापणारा बदलत नाही.’

पाहुणे उठायच्या आत काम उरकावं म्हणून चिक्कण्णा पहाटे टेकडीवर गेला. धुकं होतं. मौनी खाऊन निघून जातो असं आम्ही सगळेच समजत होतो. तो जात नव्हता. खाली कॉफीत उभा राहून पुढच्या खेपेची वाट बघत होता, हे नंतर पावलांवरून कळलं. शिडी झाडाला नीट टेकलेली सापडली. खाली कापलेले फणस पडले होते, चांगले ढीगभर, आणि वरचा मोठा त्यात होता. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की फणस पडल्याचा आवाज झाला की हत्ती बिचकतो आणि लांब जातो. चिक्कण्णानंही तेच गृहीत धरलं असणार. या हत्तीला त्या टेकडीवर त्या आवाजाचा दुसराच अर्थ शिकवून ठेवला आहे. तो बोलावल्यासारखा आला असेल. यापुढचं मी लिहीत नाही. चिक्कण्णाला उचलायला मी होतो. हे तुला आजवर सांगितलं नाही, कारण फोनवर सांगायची ती गोष्ट नव्हती आणि तू त्याचं नाव घेऊन कधी विचारलंही नाहीस. सुदर्शननं जागा दोन दिवस बंद ठेवली, चिक्कण्णाच्या घरी येऊन नमस्कार करून गेला, आणि पुन्हा उघडली. येणाऱ्या पाहुण्यांना कुणी काही सांगत नाही.

माझं झाड तसंच राहिलं होतं. कापणारा गेला की नवा कापणारा पुढच्या उगादीलाच ठरतो, अशी रीत. मी थांबलो. मग एका दुपारी वास यायला लागला. खोलीमागचंच झाड ते, तुझ्या उशीपासून दहा हातांवर. गिरिजा म्हणाली, ‘रीत सांभाळायची की घर?’ मी चढलो. एकेक फणस दोरीला बांधून, आवाज न होऊ देता खाली सोडला. एकही ठेवला नाही. गिरिजा आत जाऊन बसली होती, पण तिनं शिव्या दिल्या नाहीत. सगळे खड्ड्यात पुरले आणि वर चुना घातला. त्याच संध्याकाळी किडे थांबले. दाराच्या फटीतून दिसत होतं. तो झाडाखाली उभा होता आणि सोंड वर करून जिथून जिथून फणस कापला होता त्या एकेका देठाला लावून बघत होता. सगळे बघून झाल्यावर तो वळला आणि तुझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. आत कुणी नव्हतं. तरी बराच वेळ उभा होता. त्यानंतर मी कुलूप आणलं. कुलूप त्याच्यासाठी नाही, त्याला कुलपाचं काय; माझा हात चुकून ते दार कुणासाठी उघडू नये म्हणून आहे.

एवढं वाचूनही तुझ्या मनात येईल की अण्णाला शेजाऱ्याचं चांगलं चाललेलं बघवत नाही. मला तू ओळखतेस, म्हणून तसं येईल. तेव्हा एक गोष्ट, जी गिरिजालाही अजून सांगितलेली नाही, ती लिहितो आणि हे संपवतो. गुरुवारी दुपारी सुदर्शन आला. खोली नुसती बघतो म्हणाला, आणि मी कुलूप उघडलं. बूट बाहेर काढले. तुझ्या खुर्चीत बसला, तिचं विणकाम हातानं बघितलं, असं काम बेंगळुरूत मिळत नाही म्हणाला, आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग म्हणाला की त्याचे तंबू पुरत नाहीत, पाहुण्यांना भिंती हव्या असतात, ही खोली पावसाळ्यापर्यंत द्या. डब्यांची तार काढायची. खिडकीचे गज कापायचे, फोटोत मधे येतात. तुमच्या झाडावर फणस नाहीत तर काळजी नको, आमची माणसं रोज संध्याकाळी आणून खिडकीखाली ठेवतील, तुम्हाला काही करायला नको. आणि पहिला पाहुणा ठरलेलाच आहे म्हणाला, कलबुर्गीच्या एक बाई, मेच्या पहिल्या आठवड्यात, चार दिवस, एकट्या. ‘तुमच्याकडे आधी राहिल्यात म्हणे. खिडकी उघडी टाकून झोपायची सवय आहे असं त्यांनीच फोनवर सांगितलं, मग तर फारच छान होईल.’ दोन महिन्यांचे साडेचार लाख रुपये, निम्मे आगाऊ, पिशवी त्यानं तुझ्या पलंगावर ठेवली होती. मी नाही म्हटलं.

तुझाच,
होन्नेगौडा अण्णा